संदेश पाठवण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

एकच मोबाइल सासू, नवरा आणि मुले मिळून वापरत असतील, तर ‘उद्या तांबी बसवायची आहे’ हा संदेश पडद्यावर झळकताच बाईची खासगी गोष्ट घरभर होते. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याने नोंदणीच्या वेळीच तिला एकटीला विचारावे की फोन कोणाकडे असतो आणि संपर्क केव्हा करावा. संदेशात ‘उद्या ११ वाजता या’ एवढेच लिहावे; नागपुरात नुसते ‘डागा’ लिहिले तरी अर्थ उघड होतो, कारण ते स्त्रियांचेच रुग्णालय आहे. गर्भपाताची नोंद व्हॉट्सॲप गटात कधीही टाकू नये. १९७१ च्या गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार डॉक्टरने अशा स्त्रीचे नाव अनधिकृत व्यक्तीला सांगणे दंडनीय आहे. आशाताईंच्या फोनमधील अशा स्त्रियांच्या यादीचे छायाचित्र ‘ट्रॅश’मधूनही पुसावे.