जुन्या पिचरचा होम रनचा रेकॉर्ड कसा तपासायचा (वॉल्टर जॉन्सनचं उदाहरण घेऊन)

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे बॉल टाकणारा, आणि बॅटरने एका फटक्यात चारही बेस (ज्यांना शिवत पळायचं ते टप्पे) पूर्ण केले, बहुतेकदा बॉल कुंपणाबाहेर मारून, की तो होम रन. वॉल्टर जॉन्सन हा पिचर म्हणजे १९०७ ते १९२७, सगळं करिअर वॉशिंग्टनकडून, आणि २१ सीझनमध्ये होम रन खाल्ले (म्हणजे त्याच्या बॉलिंगवर बसले) फक्त ९७. अलीकडच्या काळातल्या जेमी मोयरने ५२२ खाल्ले, इतके दुसऱ्या कुणीच नाही. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून "जुने पिचर म्हणजे जुने पिचर" असं ठोकून द्यायच्या आधी थोडा हिशोब करा.

पहिलं काम म्हणजे एकूण आकडा सोडून द्या आणि ९ इनिंग्जमागे किती ते काढा. होम रन गुणिले ९, भागिले इनिंग्ज. पण इनिंग्जचा आकडा वाचताना घोळ होतो, जॉन्सनच्या नावापुढे ५९१४.१ दिसतं तो .१ म्हणजे दशांश नाहीये, तो एक आऊट आहे, आपल्या १९.४ ओव्हर्ससारखंच, फक्त इथे तीन आऊटला इनिंग संपते म्हणून .१ म्हणजे एक तृतीयांश आणि .२ म्हणजे दोन तृतीयांश. कॅल्क्युलेटरवर ५९१४.३३ टाका. उत्तर येतं साधारण ०.१५, म्हणजे जवळपास ६१ इनिंग्जमागे एक होम रन. मोयरचं येतं १.१५.

आता अॅडी जॉस घ्या, क्लीव्हलंडचा, १९०२ ते १९१०. २३२७ इनिंग्ज, १९ होम रन, रेट ०.०७. जॉन्सनच्या निम्मा! मग जॉस दुप्पट भारी का? इथेच बरेच लोक गंडतात.

जॉसचं सगळं करिअर डेड-बॉल काळात गेलं, म्हणजे बॉल फारसा उडायचाच नाही तो १९२० च्या आधीचा काळ. बॉल मऊ, मळलेला, एकच बॉल तासन्‌तास वापरायचे, त्यावर थुंकी, तंबाखू काहीही. १९०८ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या अख्ख्या टीमने सीझनभर ३ होम रन मारले, तीन!! फ्रँक बेकरला "होम रन बेकर" म्हणायचे आणि १९११ मध्ये तो लीगमध्ये पहिला आला तो ११ मारून. मग १९२० ला स्पिटबॉल, म्हणजे थुंकी लावून टाकलेला बॉल, बंद झाला (जुन्या काही जणांना सूट होती), त्याच वर्षी रे चॅपमन या बॅटरच्या डोक्यात बॉल लागून तो गेला, त्यानंतर मळका बॉल पटापट बदलायला लागले, आणि बेब रुथ या तडाखेबाज बॅटरने १९१९ च्या २९ होम रनवरून थेट ५४ वर उडी मारली. जॉस १९११ मध्येच वारला, जेमतेम ३१ वर्षांचा, त्याला हे दिवस बघावेच लागले नाहीत. जॉन्सन मात्र याच नव्या काळात अजून आठ सीझन खेळला.

म्हणून दुसरं काम, प्रत्येक सीझनचा लीगचा रेट काढा, पिचरने त्या सीझनला जितक्या इनिंग्ज टाकल्या तितकं त्याला वजन द्या, आणि मग पिचरचा रेट त्या सरासरीने भागा. १ च्या जितकं खाली तितकं चांगलं. कंटाळवाणं आहे पण स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात होतं, आणि याच्याशिवाय दोन काळांची तुलना म्हणजे नुसत्या गप्पा.

शून्य बघून तर अजिबात भुलू नका. १९१६ मध्ये जॉन्सनने ३६९.२ इनिंग्ज टाकल्या आणि एकही होम रन दिला नाही, भन्नाटच आहे. पण त्याच लीगमध्ये त्याच वर्षी बॉस्टनच्या एका डावखुऱ्या पोराने ३२३.२ इनिंग्ज टाकून शून्यच दिले, आणि तो पोरगा म्हणजे बेब रुथ. तेव्हा तो पिचर होता ना.

नियमही बघून ठेवा, ते दोन्ही बाजूंनी ओढतात. तेव्हा टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेला बॉलही होम रन धरायचे, जॉन्सन रिटायर झाला तेव्हाही हाच नियम होता, म्हणजे त्याच्या ९७ मध्ये असले काही असू शकतात. उलट १९२० च्या आधी मॅच संपवणारा फटका कुंपणाबाहेर गेला तरी जिंकायला लागतील तेवढेच बेस मोजायचे, त्यामुळे तिथे पिचर सुटायचा.

ग्राउंड तर विसरूच नका. वॉशिंग्टनला लेफ्ट फील्डची (बॅटरच्या डाव्या हाताकडची) भिंत ४०० फुटांच्याही पलीकडे होती, उजव्या हाताच्या बॅटरने जीव खाऊन मारला तरी बॉल आतच. बॉस्टनच्या जुन्या ग्राउंडवर, जिथे साय यंग हा पिचर टाकायचा, सेंटर फील्डचं (बॅटरच्या नाकासमोरचं) कुंपण १९०८ मध्ये ६३५ फुटांवर होतं. अशा ठिकाणी बरेच होम रन बॅटर पळून पूर्ण करायचा. म्हणून घरचे आणि बाहेरचे आकडे मिळत असतील तर वेगळे काढा, माझ्या मते जॉन्सनसारख्याला बाहेरच्या आकड्यावरच जोखावं.

आणि तुमचा पिचर १८९३ च्या आधीचा असेल तर त्याला या यादीत घेऊच नका. पिचिंगचं ६० फूट ६ इंच हे अंतर त्या वर्षी आलं, १८८४ च्या आधी तर नॅशनल लीगमध्ये खांद्यावरून टाकायलाही बंदी होती आणि १८८६ पर्यंत बॅटर सांगायचा वर टाक की खाली टाक. त्यांची वेगळी शीट करा.