वाळूखडक आणि पंकाश्माचे थर खोलवर कसे बदलले, ते कसे तपासावे

एकाआड एक थर असतील तर वाळूखडक आणि पंकाश्म (चिखल घट्ट होऊन झालेला खडक) यांचे नमुने जोडीनेच घ्यावेत. पंकाश्मातून सुटलेले घटक शेजारच्या वाळूत जाऊन बसू शकतात, त्यामुळे एकच बाजू पाहिली तर हिशेब अर्धा राहतो.

टेक्सासच्या किनारपट्टीखालचे थर हे याचे गाजलेले उदाहरण. तिथल्या एका विहिरीच्या 1976 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण 2000 ते 3700 मीटर खोलीदरम्यान मिश्र चिकणखनिजातले, म्हणजे फुगणारा स्मेक्टाइट आणि न फुगणारा इलाइट यांचे पापुद्रे एकत्र रचलेल्या खनिजातले, इलाइटचे पापुद्रे 20 वरून 80 टक्क्यांवर गेलेले दिसतात. स्मेक्टाइट पोटॅशियम घेऊन इलाइट होतो आणि सिलिका, पाणी, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम सोडतो. पोटॅशियम येते ते पंकाश्मातल्याच जाड कणांच्या फेल्स्पारमधून. म्हणून बारीक व जाड भागांचे रासायनिक विश्लेषण वेगवेगळे करावे. फक्त बारीक भाग मोजला की पोटॅशियम बाहेरून आले असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नमुने शक्यतो कोअरमधूनच (विहिरीतून अखंड काढलेल्या खडकाच्या दांड्यातून) घ्या. कटिंग्जमध्ये, म्हणजे खोदताना वर येणाऱ्या चुऱ्यात, वरच्या थरांचा ढासळलेला माल मिसळलेला असतो. दोन थरांच्या सीमेपासून दोन्ही बाजूंना 2, 5, 10, 20 आणि 50 सेंटिमीटरवर एकेक तुकडा घ्यावा. कोअरचा बाहेरचा सेंटिमीटरभर भाग काढून टाका. ड्रिलिंग मडमधला (खोदताना विहिरीत सोडलेल्या चिखलातला) बेंटोनाइट ही स्मेक्टाइटचीच माती असल्याने तो वाळूच्या छिद्रांत शिरतो आणि खडकातल्या मूळ स्मेक्टाइटसारखाच दिसतो. मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड असेल तर त्याची नोंद ठेवा, कारण ते स्मेक्टाइटमधल्या आयनांची जागा घेते.

पंकाश्म अलगद कुटा, फार बारीक दळू नका. कार्बोनेट सौम्य ॲसिटिक आम्लाने काढा. हायड्रोक्लोरिक आम्ल लोहयुक्त क्लोराइट या चिकणखनिजालाही खाते. नमुना पाण्यात धुऊन किंचित सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून ढवळा. 20 अंश सेल्सिअसला 3 तास 50 मिनिटांनी वरचे 5 सेंटिमीटर पाणी काढले की 2 मायक्रॉनपेक्षा बारीक भाग हाती येतो. तो काचेवर वाळवून क्ष-किरण विवर्तनाचा आलेख घ्या; त्यातली शिखरे खनिजाच्या पापुद्र्यांमधले अंतर अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) दाखवतात. मग 60 अंशांवर रात्रभर इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवून दुसरा आलेख घ्या. स्मेक्टाइट 17 अँगस्ट्रॉमपर्यंत फुगतो, इलाइट 10 वरच राहतो. तिसरा आलेख 550 अंशांवर तासभर तापवून घ्यावा. 7 अँगस्ट्रॉमचे शिखर नाहीसे झाले म्हणून लगेच केओलिनाइट हे चिकणखनिज ठरवू नका, तापवल्यावर क्लोराइटचे 7 चे शिखरही खचते. त्याचे 14 चे शिखर टिकते, बहुधा उंचावतेच.

वाळूखडकाच्या छिद्रांत निळा इपॉक्सी भरून 0.03 मिलिमीटर जाडीचा छेद तयार करा. कॅल्साइट, अँकेराइट ही कार्बोनेट खनिजे ओळखण्यासाठी ॲलिझारिन रेड एस आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचा रंग द्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली किमान 300 बिंदूंवर काय आहे ते मोजा. वाळूच्या कणांवर क्वॉर्ट्झची वाढ साधारण 70-80 अंशांनंतर जोमाने होते. कणाची मूळ कड धुळीच्या रेघेने दिसत नसेल तर कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने खनिज उजळवण्याची पद्धत) वापरा. मात्र तिथली सिलिका पंकाश्मातूनच आली असे गृहीत धरू नका, कण एकमेकांवर दाबून विरघळल्यानेही ती मिळते. कार्बोनेटचे सिमेंट सीमेजवळ दाट आणि आत विरळ असेल तर शेजारून पुरवठा झाल्याचा दावा बळकट होतो.

केसांसारखा इलाइट मात्र जपावा लागतो. कोअर हवेत वाळला की हे तंतू कणांना चिकटतात आणि प्रयोगशाळेत पारगम्यता (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता) खऱ्यापेक्षा जास्त भरते. तसे तुकडे ओलेच बंद करून ठेवा आणि क्रांतिक बिंदूवर वाळवा, म्हणजे द्रव आणि वायू यांतला फरक नाहीसा होतो त्या तापमान-दाबाला, जेणेकरून पृष्ठताण तंतूंना ओढत नाही.