'अपॉलिंग' ऐकून थँक यू म्हणू नका

पावसाळा सरला की चंदगड, आजऱ्याकडची पोरं गोव्यात कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत कामाला येतात. मीही तसाच आलो. भाड्याची खोली कशी बघायची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय घ्यायचं, हे कुणीही सांगेल. इंग्रजी शिव्या तर दोन दिवसांत कळतात. घोळ होतो तो सभ्य शब्दांत.

पहिल्याच सीझनला एक ब्रिटिश बाई बाथरूमकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'अपॉलिंग!' मला ऐकू आलं 'अपीलिंग', म्हणजे आकर्षक. मी हसून 'थँक यू मॅडम' म्हटलं. बेसिनच्या जाळीत आधीच्या पाहुण्याच्या केसांचा गुंता अडकला होता, तो मॅनेजरने मला नंतर दाखवला. या शब्दाचं मूळ चेहरा फिका पडण्यात आहे. बघूनच माणूस पांढराफटक पडावा, इतकं वाईट.

बॅड, ऑफुल, टेरिबल हे रोजचे. सॉरी म्हणा, वस्तू बदलून द्या, बहुतेक वेळा भागतं. अट्रोशस, अपॉलिंग कानावर आले की थेट सुपरवायझरला बोलवा. डिसगस्टिंगमध्ये किळस आहे. जेवणाला कुणी तसं म्हटलं, तर ताट आधी उचला, चौकशी मग.

या जहाल शब्दांना 'व्हेरी' लावू नका. 'खूप' त्यांच्या पोटातच असतं. जोर द्यायचाच तर 'अ‍ॅब्सोल्यूटली अपॉलिंग'. टेरिफिक मात्र टेरिबलचा भाऊ वाटला तरी त्याचा अर्थ झकास! आणि 'ऑफुली नाइस' ऐकून दचकू नका, आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की.

पथेटिक आपल्याकडे कशालाही लावतात, रस्त्यापासून चहापर्यंत. माणसाला लावलात तर तो 'कीव यावी असा' ठरतो. सोबतच्या वेटरला गमतीतही म्हणू नका, एकदा त्यावरून किचनमध्ये हाणामारी होता होता राहिली.

रशियन पाहुण्यांचं सोपं. इंग्रजी त्यांनाही परकीच, बरेच जण एका 'बॅड'मध्ये सगळं उरकतात. शब्द सोडा, चेहरा वाचा.

खरी भीती ब्रिटिशांच्या मवाळ बोलण्याची. 'नॉट ग्रेट', 'अ बिट डिसअपॉइंटिंग' हे आवाज न चढवता येतं, आणि ते 'थोडंसं' नसतं. मी तर 'अ बिट' ऐकलं की पुढचं वाक्य संपायच्या आत चादर उलटून बघतो.