गाडीच्या पान्यांची पेटी भरताय? या चुका टाळा

आमच्या घरी बाबांची पत्र्याची एक हिरवी पेटी आहे. अँबॅसिडरच्या काळातली. त्यातला एकेक पाना अजून असा ठणठणीत, की आजच्या चार सेटांना ऐकणार नाही. गाडी विकली, पेटी राहिली. मी माझी पहिली जुनी मारुती घेतली तेव्हा आई म्हणाली, “पाने कशाला विकत घेतोस? बाबांचे आहेत की.”

मीही तेच केलं. अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) खालच्या १४ नंबरच्या, म्हणजे १४ मिलिमीटर डोक्याच्या, बोल्टला पेटीतला एक पाना छान बसला. म्हणजे मला तसं वाटलं. जोर लावला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली आणि बोल्टचं डोकं गोल झालं. पान्यावर लिहिलं होतं ९/१६. अँबॅसिडर मूळची इंग्लिश मॉरिस, तिचे बोल्ट इंचात. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. उरलेली पाव मिलिमीटरची फट डोळ्याला दिसत नाही, पण तेवढ्या फटीत पाना बोल्टची सपाट बाजू सोडून नुसते कोपरे धरतो, आणि कोपरे झिजायला दोन झटके पुरतात.

त्या एका बोल्टने मला जे शिकवलं ते नंतर प्रत्येक खरेदीला लागू पडलं. पाना महाग की स्वस्त हे नंतर बघायचं. आधी तो बोल्टवर कसा बसतो ते बघायचं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हे उलट्या क्रमाने केल्याच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः केल्या आहेत.

तुकडे मोजून सेट घेणे

आमच्या इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात उभे राहा, पहिला पुढे येतो तो ४६ तुकड्यांचा सेट. “भिया, पूरी गाड़ी खुल जाएगी इसमें.” नाही खुलत. हा सेट पाव इंची ड्राइव्हचा असतो, म्हणजे गोट्यांमागचा (गोटी म्हणजे बोल्टवर टोपीसारखं बसणारं सॉकेट) दांडा अडकवायचा चौकोन पाव इंचाचा. गोट्या ४ पासून १४ पर्यंत, आणि बाकी निम्म्याच्या आसपास नुसती बिटं, म्हणजे पेचकसाची सुटी टोकं. मारुतीच्या चाकाचा नट १९ चा, ह्युंदाईचा २१ चा. या सेटने चाकसुद्धा निघत नाही. अ‍ॅडॉप्टर लावून जोर केलात तर पाव इंची दांडा पिळला जातो किंवा तुटतो, आणि त्यात सेटचा दोष नसतो. तो डॅशबोर्ड, एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचं टर्मिनल असल्या हलक्या कामांसाठीच आहे. त्या कामांना मीही तोच वापरतो.

दुसरा सापळा म्हणजे दुतोंडी फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्यांचा आठाचा संच: ६-७, ८-९, दहा-अकरा, बारा-तेरा, असा वीस-बावीसपर्यंत. स्वस्त पडतो, पण जपानी घडणीच्या गाड्यांवर काम पडतं ते ८, १०, १२, १४, १७ आणि १९ चं. युरोपीय घडणीच्या गाड्यांत त्यात १३ येतो. म्हणजे ९, ११, १५, १८ ही तोंडं तुम्ही पैसे देऊन आणता आणि ती पेटीतच म्हातारी होतात. त्यापेक्षा एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला रिंग (बोल्टला चहूबाजूंनी धरणारं बंद कडं) असलेले, दोन्हीकडे एकच नंबर असणारे पाने सुटे घ्या. सहा-सात पाने पुरतात. १० नंबरचे दोन घ्या. एक हरवणार आहेच.

चमक बघून भुलणे

‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द आजकाल कशावरही ठोकलेले असतात. चमक तर कोणत्याही पत्र्याला देता येते. शिवाय कमअस्सल मालाचा क्रोम दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो आणि तो पापुद्रा ब्लेडसारखा हात कापतो.

मी आता सियागंजात जाताना खिशात तीन कोरे बोल्ट घेऊन जातो: १०, १४ आणि १७ डोक्याचे. दुकानदार आधी हसतो, मग त्यालाही गंमत वाटते. पाना बोल्टवर बसवायचा आणि डावी-उजवीकडे हलवायचा. थोडी चाल असतेच, ती नसेल तर पाना चढणारच नाही. पण खुळखुळा वाजल्यासारखा हलला तर तो ठेवून द्यायचा. मग फिक्स तोंडाचे दोन्ही जबडे उजेडात धरून समांतर आहेत का ते पाहायचं. रिंगच्या आतली धार हाताला नीट लागते की ओतीव गोळ्यासारखी मऊ, तेही बघायचं. गोटीच्या बाबतीत तळाचा चौकोन बरोबर मध्यावर आहे का पाहा. तो सरकलेला असेल तर रॅचेट (एकाच दिशेला पकडणारा, गोटी फिरवायचा दांडा) फिरवताना गोटी डुलते.

फिक्स पान्यांसाठी आय.एस. २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आय.एस. २०२९ अशी भारतीय मानकं आहेत. पाकिटावर किंवा पान्यावर तो आकडा असेल तर बरंच. नसला म्हणून पाना वाईटच असं नाही, पण विचारायला हरकत नाही. विचारलं की दुकानदारही जरा वरच्या फळीवरचा माल काढतो.

स्वस्त आणि टिकाऊ या दोन्हींत बसणारा माल आपल्याकडे भरपूर आहे. नाशिकची टपारिया घरोघरी पोचलेली आहे, आणि जालंधर-लुधियानात हातहत्यारांचा धंदा एवढा मोठा आहे की तिथला माल परदेशातही जातो. अडचण नकलेची आहे. नाव तेच, एखादं अक्षर इकडचं तिकडे, डबा जवळजवळ तसाच. अशा वेळी दुकानदार पक्कं बिल द्यायला कां-कूं करतो का ते पाहा. मला तरी तेवढी खूण पुरते.

बारा कोनी की सहा कोनी?

गोटीच्या आत डोकावलं की कुठे सहा कोपरे दिसतात, कुठे बारा. बारा कोपऱ्यांची गोटी ३० अंशांवर पुन्हा बसते, त्यामुळे अडचणीच्या जागी पटकन लागते. सहा कोपऱ्यांची ६० अंशांवर बसते, पण बोल्टच्या सपाट बाजूला जास्त धरते. गंजलेल्या, आधी कोणीतरी छळलेल्या बोल्टवर बारा कोनी गोटी लावणं म्हणजे आगीत तेल. जुनी गाडी असेल तर गोट्या सहा कोनीच घ्या. रिंग पाने मात्र बहुतेक बारा कोनीच मिळतात, आणि ते चालतात.

डोकं गोल झालंच, तर?

हे अनुभवाचे बोल आहेत. पहिली गोष्ट, त्याच पान्याने पुन्हा प्रयत्न करू नका. प्रत्येक प्रयत्नाबरोबर पुढचं काम अवघड होत जातं. गंज सोडवणारं तेल मारा आणि चहा प्यायला जा. तेलाला आट्यांत उतरायला वेळ लागतो. मारलं आणि लगेच ओढलं तर ते नुसतं बाहेरून ओघळतं. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार सरळ ठोके द्या, गंजाची पकड सैल होते. त्यानंतर एक नंबर लहान सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. १४ गोल झाला असेल तर १३. माझा बोल्ट असाच निघाला. गोटी ठोकायची तर जुनी घ्या, ती नंतर सुंदर राहत नाही.

डोक्याला धरायला जागा उरली असेल तर लॉक होणारी ग्रिप पक्कडही चालते. साधी पक्कड मात्र नको, ती उरलेलंही खाते. आग लावून तापवायची कल्पना पेट्रोलच्या पाइपाजवळ, ब्रेकच्या नळीजवळ किंवा रबराच्या बुशजवळ मनातसुद्धा आणू नका.

रॅचेटलाच सगळं काम सांगणे

रॅचेटच्या पोटात बारीक दाते असतात. ७२ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला ५ अंश फिरणं पुरतं, २४ दात्यांच्याला १५ अंश लागतात. इंजिनाच्या खाचेत हात जेमतेम हलतो तिथे हा फरक फार जाणवतो. पण दाते जितके बारीक, तितकं त्यांना जपावं लागतं. घट्ट बसलेला नट पहिल्यांदा मोडायचा तो सरकत्या टी-हँडलने किंवा लांब दांड्याच्या ब्रेकर बारने. सुटला की मग रॅचेट. रॅचेटच्या दांड्यावर नळाचा पाइप चढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे रॅचेट नंतर दोन्हीकडे मोकळे फिरतात.

रॅचेट अधूनमधून दाते सोडत असेल तर लगेच फेकू नका. मागची चकती दोन-तीन स्क्रूंनी बसवलेली असते. ती उघडा, आतलं काळं वंगण रॉकेलने धुवा आणि थोडं हलकं तेल लावा. घट्ट ग्रीस भरू नका, त्यात आतली स्प्रिंगची कळ चिकटून बसते. तुटलेला दाता दिसला तर मात्र त्याला निरोप द्या.

जाता जाता: चमकत्या क्रोमच्या गोट्या इम्पॅक्ट गनला (धक्के देत नट फिरवणाऱ्या यंत्राला) लावू नका. त्या कडक असतात, धक्क्याने फुटू शकतात आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मॉली पोलादाच्या वेगळ्या गोट्या मिळतात.

प्रत्येक फुलीचा स्क्रू सारखाच समजणे

जपानी घडणीच्या गाड्यांवर आणि मोटारसायकलींवर फुलीसारखा दिसणारा स्क्रू बरेचदा जपानी मानकाचा असतो. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण तळाला टेकत नाही, आणि जोर दिला की वर उचलला जाऊन खाच खातो. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर बारीकसा ठिपका असतो, ती त्यांची ओळख. योग्य टोकाचा पेचकस थोडा शोधावा लागतो, पण ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या झाकणाचा स्क्रू एकदा खराब झाला की तो शोध स्वस्त वाटतो.

ब्रेकच्या नळीला फिक्स पाना

इथे काटकसर नको. ब्रेकच्या लोखंडी नळीचा नट मऊ असतो, बहुतेकदा १० चा. नळी मधून गेलेली असल्यामुळे रिंग चढत नाही, म्हणून लोक फिक्स पाना लावतात. तो दोनच बाजू धरतो, नट चेपतो, आणि मग नळीसकट नट बदलायची वेळ येते. तोंडाला नळीपुरती फट ठेवलेला रिंग पाना याच कामासाठी बनतो. तो एकच नंबरचा घेतला तरी चालेल, पण चांगला घ्या.

टॉर्क रिंच म्हणजे चैन, असं मानणे

टॉर्क रिंच म्हणजे ठरवलेला कस (पिळायचा जोर) आला की सांगणारा पाना. लहान गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा कस लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आता ६० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर पाय देऊन उभा राहिला, की हिशोब १७५ च्या पुढे जातो. आट्यांवर ताण येतो आणि पुढच्या वेळी पंक्चर झालं की रस्त्यावर तेच चाक सुटत नाही. रात्री बायपासवर हा प्रसंग ओढवला की टॉर्क रिंचची किंमत आठवत नाही.

पण एक खोच आहे. बाजारात सहज मिळणारा अर्धा इंची, दुकानदाराच्या भाषेत चार सूतचा, ‘टक्’ करणारा रिंच साधारण २८ पासून २१० न्यूटन-मीटरपर्यंत मोजतो. स्पार्क प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ च्या आसपासच लागतात, बारीक आट्याच्या प्लगला आणखी कमी. तिथे हा रिंच ‘टक्’ करेपर्यंत थांबलात तर आटेच जातात. प्लग आधी नुसत्या बोटांनी आट्यांत धरवायचा, आणि घट्ट करायला लहान मापाचा रिंच वापरायचा.

टॉर्क रिंचने बोल्ट कधी सोडू नका. काम झालं की त्याचं माप सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून खोटं बोलू लागते.

माळव्याची माती आणि जॅक

ही हत्यारांची चूक नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात लोणी. घराबाहेरच्या मोकळ्या जागेत जॅकवर उचललेली गाडी पाऊस पडून गेल्यावर हळूहळू कलते. जॅकखाली आणि उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडखाली जाड लाकडी फळी टाका, मागच्या चाकांना विटा लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका. पाने स्वस्त घ्या, पण स्टँडची जोडी पहिल्या महिन्यातच घ्या.

मग पैसे वाचवायचे कुठे?

हातोडी, छिन्नी, तारेचा ब्रश, नरसाळं, नट ठेवायची ताटली यांत कोणतंही नाव बघू नका. अ‍ॅडजस्टेबल पाना एकच ठेवा, तोही शेवटचा उपाय म्हणून, आणि जोर नेहमी न हलणाऱ्या जबड्यावर येईल अशा बाजूने ओढा. जुन्या बाजारात घडीव पाने मिळाले तर जरूर घ्या. फक्त फिक्स तोंडाचे जबडे फाकलेले नाहीत ना हे खिशातल्या बोल्टवर तपासा. वरचा गंज काही नाही, तो रॉकेल आणि घासणीने जातो.

बाबांची पेटी मी टाकली नाही. सगळ्या इंची पान्यांच्या दांड्यांवर लाल रंगाचा पट्टा मारून ठेवला आहे, म्हणजे पुन्हा कोणाचा हात चुकणार नाही. एकाच पान्यावर पट्टा नाही. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि माझ्या गाडीच्या चाकाचा १९ चा नट त्याने आजही बिनबोभाट सुटतो.