मायएसक्यूएल ८.० वर जाण्याआधी मायआयसॅम टेबलं इनोडीबीत कशी बदलायची

मायआयसॅम आणि इनोडीबी ही मायएसक्यूएल डेटाबेसची दोन स्टोरेज इंजिनं, म्हणजे टेबलातला डेटा साठवायच्या दोन पद्धती. मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर जायचं असेल, तर मायआयसॅम टेबलं इनोडीबीत बदलायचं काम अपग्रेडच्या दिवसावर ढकलू नका. जुना सर्व्हर चालू असतानाच, एकेक टेबल घेऊन ते उरकून टाका. ५.७ वर 'ऑल्टर टेबल' (टेबल बदलायची कमांड) फसली तरी मूळ टेबल जसंच्या तसं राहतं. एरर वाचा, दुरुस्त करा, पुन्हा चालवा. डेटा डिरेक्टरी एकदा ८.० वर चढली की मात्र ५.७ ला परतायची वाट नाही, बॅकअप लावणं एवढंच हातात उरतं.

साधी मायआयसॅम टेबलं ८.० मध्येही चालतात. पण पार्टिशन केलेली (आतून तुकड्यांत विभागलेली) मायआयसॅम टेबलं ८.० घेतच नाही. असं एक जरी टेबल राहिलं तरी अपग्रेड अडतं.

आधी यादी काढा. इन्फर्मेशन स्कीमातल्या 'टेबल्स'वर क्वेरी चालवून इंजिन मायआयसॅम असलेली नावं घ्या. सोबत रो फॉर्मॅट (ओळी साठवायचा साचा), क्रिएट ऑप्शन्स, डेटा लेंग्थ आणि इंडेक्स लेंग्थ हे कॉलमही घ्या, पुढे लागतात. 'मायएसक्यूएल' या सिस्टीम डेटाबेसमधल्या टेबलांना हात लावू नका. ती अपग्रेड स्वतः बदलतं. मायएसक्यूएल शेलमधलं 'चेक फॉर सर्व्हर अपग्रेड' हे फंक्शनही आत्ताच चालवा. ५.६.४ च्या आधीच्या साच्यातले तारीख-वेळेचे कॉलम त्यात सापडले, तर त्या टेबलांवर 'ऑल्टर टेबल'ला 'फोर्स' जोडून चालवा.

बॅकअप घेताना एक गोष्ट हमखास चुकते. बॅकअप काढणाऱ्या मायएसक्यूएलडम्प या कमांडचा 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय मायआयसॅमला लागू पडत नाही, कारण त्यात ट्रान्झॅक्शनच नसतात. 'लॉक ऑल टेबल्स' वापरा, नाहीतर डम्पमधली टेबलं वेगवेगळ्या क्षणांची निघतील. मग प्रत्येक टेबलावर 'चेक टेबल' चालवा. खराब निघालं तर आधी 'रिपेअर टेबल'.

बदलताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती डिस्कवर असतात, शिवाय इनोडीबीत तोच डेटा जास्त जागा खातो. सगळ्यात मोठ्या टेबलाच्या डेटा आणि इंडेक्सच्या बेरजेच्या तिप्पट जागा मोकळी ठेवा. तोवर त्या टेबलावर लिहिणं बंद राहतं, म्हणून मोठी टेबलं कमी वर्दळीच्या वेळी घ्या. इनोडीबी बफर पूल (डेटासाठी राखलेली मेमरी) डीफॉल्टला फक्त १२८ एमबी असतो. तो आधीच वाढवा आणि काम झाल्यावर मायआयसॅमचा की बफर (त्याच्या इंडेक्सची मेमरी) कमी करा.

आता मुख्य कमांड: 'ऑल्टर टेबल', टेबलाचं नाव, 'इंजिन = इनोडीबी, रो फॉर्मॅट = डायनॅमिक'. रो फॉर्मॅट मुद्दाम लिहायचा. जुन्या टेबलाला 'फिक्स्ड' लावलेलं असेल, तर नुसतं इंजिन बदलताना इनोडीबीच्या स्ट्रिक्ट मोडमुळे एरर १०३१ येतो: इंजिनला हा पर्याय नाही. तो वाचून बरेच जण इंजिनवर संशय घेतात. खरं कारण टेबलाच्या व्याख्येत चिकटून राहिलेला तो एक शब्द असतो.

एरर १२९२ आला तर बहुधा कॉलममध्ये शून्य तारखा आहेत. त्या सेशनपुरता एसक्यूएल मोड रिकामा करा, कॉलमला नल (मूल्य नाही) चालेल असं करा आणि शून्य तारखांच्या जागी नल भरा.

एरर १०७५ जास्त त्रासाचा. मायआयसॅममध्ये ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढत्या क्रमांकाचा) कॉलम अनेक कॉलमांच्या इंडेक्समध्ये दुसरा असू शकतो, मग प्रत्येक गटाचे आकडे १ पासून सुरू होतात. इनोडीबीत तो इंडेक्सचा पहिला कॉलम लागतो. तसा इंडेक्स जोडला की टेबल बदलेल, पण गटवार क्रमांक थांबतील. ते हवेच असतील तर आधी अॅप्लिकेशनचा कोड बदला.

कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करायचा असेल तर इंजिन आधी, कॅरेक्टर सेट नंतर. २५५ अक्षरांच्या इंडेक्सला २५५ × ४ = १०२० बाइट लागतात. मायआयसॅमची मर्यादा १००० बाइट, डायनॅमिक रो फॉर्मॅटची ३०७२. क्रम उलटा केलात की इथेच अडकाल.

फुलटेक्स्ट शोधाचे (मजकुरातल्या शब्दांवरून शोधायचे) निकाल बदलतील. मायआयसॅम डीफॉल्टला किमान ४ अक्षरी शब्द धरतं, इनोडीबी ३ अक्षरी. शिवाय निम्म्या किंवा जास्त रेकॉर्डमध्ये येणारा शब्द नैसर्गिक भाषेच्या शोधात वगळायची मायआयसॅमची पद्धत इनोडीबीत नाही. पूर्ण टेबलाचा काउंटही आता मोजून येतो, त्यामुळे मोठ्या टेबलांवर हळू चालेल.

प्रत्येक टेबलानंतर रेकॉर्डची संख्या जुळवा आणि 'शो क्रिएट टेबल' पाहा. यादी रिकामी झाली की अॅप्लिकेशन काही दिवस ५.७ वरच चालू द्या. मग ताजा बॅकअप घ्या, 'इनोडीबी फास्ट शटडाउन' ही सेटिंग ० करून सर्व्हर बंद करा आणि ८.० ची पॅकेजं बसवून सुरू करा. ८.०.१६ पासून मायएसक्यूएल अपग्रेड ही कमांड वेगळी चालवावी लागत नाही, सर्व्हर सुरू होतानाच ते काम करतो. तोवर एरर लॉग उघडा ठेवा आणि मध्येच प्रोसेस मारू नका.