बेळगावात नव्याने आलात? ऑनलाइन थेरपिस्ट शोधताना हद्द कुठे पाहायची, कुठे नाही

बदली होऊन, लग्न होऊन किंवा शिकायला म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागात आलेल्या माणसाचे पहिले काही महिने घर, गॅस, शाळा आणि कन्नड पाट्या वाचायला शिकण्यात जातात. मनाचं दुखणं मागे पडतं. ते वर येतं तेव्हा प्रश्न पडतो, की इथे आपल्या भाषेत नीट ऐकून घेणारं माणूस कुठे मिळणार? मग बरेच जण ‘आपण कर्नाटकात राहतो, तर थेरपिस्टही इथलाच हवा’ असं धरून चालतात आणि दोन-चार ठिकाणी विचारून शोध सोडून देतात. हा गैरसमज आधी दूर करू.

थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या हद्दीला बांधलेली नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद केंद्राच्या रजिस्टरमध्ये होते. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची नोंद राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे असली, तरी २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला ऑनलाइन तपासू शकतो. त्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीत बसून पुण्याच्या, कोल्हापूरच्या किंवा ठाण्याच्या माणसाशी बोलायला कायद्याची आडकाठी नाही. बोलण्यासाठी खुशाल हद्दीपलीकडे बघा. मात्र जिवावर बेतलं, दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली किंवा सरकारी दाखला लागला, तर बहुतेक वेळा सोय इथलीच लागते. ती आधीच करून ठेवायची असते.

कोण कोण असतं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, निदानात मदत करतो, थेरपी देतो, पण गोळ्या लिहून देऊ शकत नाही. एखादा सायकॉलॉजिस्ट व्हॉट्सॲपवर झोपेच्या गोळीचं नाव पाठवत असेल, तर तिथेच थांबा.

तिसरा गट समुपदेशकांचा. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी करून काम करणारे हे लोक बऱ्याचदा फार चांगलं काम करतात. परक्या गावातला एकटेपणा, नवरा-बायकोतली कुरबूर, परीक्षेचा ताण, घरातल्या कुणाच्या जाण्याचं दुःख यांसाठी ते पुरेसे असतात. पण त्यांच्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारखं सक्तीचं रजिस्टर आजवर नव्हतं. २०२१ च्या कायद्याने त्यांच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदांची तरतूद केली, तरी ती घडी अजून पूर्ण बसलेली नाही. म्हणून इथे पडताळणी तुम्हालाच करावी लागते: पदवी कुठल्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष पेशंटबरोबर किती वर्षं काम केलं, आणि अवघड केस आली की कुणाचा सल्ला घेता? या तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस सहसा भरवशाचा निघतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेतलेले लाइफ कोच आणि संमोहनवाले या तिन्हींत बसत नाहीत.

नंबर तपासायचा तो असा

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय करते. १९९२ च्या कायद्याने आलेली ही परिषद. तिच्या रजिस्टरला सीआरआर म्हणतात आणि प्रत्येकाला सीआरआर नंबर मिळतो. पहिल्या फोनवरच विचारा: “मॅडम, तुमचा सीआरआर नंबर सांगाल का? मी वेबसाइटवर बघून घेते.” यात उद्धटपणा काही नाही. काम नीट करणाऱ्यांना या प्रश्नाची सवय असते.

नंबर मिळाला की आरसीआयच्या वेबसाइटवर शोधा आणि तीन गोष्टी पाहा. नाव जुळतं का? मुदत संपलेली नाही ना? नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं आणि कामाच्या गडबडीत ते राहून गेलेले लोक असतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक पाहत नाहीत: नोंद कुठल्या वर्गात आहे? आरसीआय फक्त सायकॉलॉजिस्टची नोंद करत नाही. विशेष मुलांचे शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम हातपाय बसवणारे असे सोळा वर्ग तिच्याकडे आहेत. ‘आरसीआय रजिस्टर्ड’ ही पाटी खरी असूनही समोरची व्यक्ती विशेष शिक्षिका असू शकते. तुम्हाला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हेच शब्द दिसले पाहिजेत. त्यापुढे ‘असोसिएट’ असेल, तर ती एक वर्षाच्या डिप्लोमावरची नोंद आहे, दोन वर्षांच्या एमफिलवरची नव्हे. अशी व्यक्ती वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करते का, ते विचारून घ्या.

डॉक्टरचा नंबर महाराष्ट्र किंवा कर्नाटक वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर नाहीतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत सापडतो. ॲपवरून थेरपिस्ट घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी व्यक्तीचं पूर्ण नाव आणि नंबर मागा. ‘आम्ही योग्य तज्ज्ञ नेमून देऊ’ एवढ्यावर पैसे भरू नका. दहा सेशनचं पॅकेज तर सुरुवातीला अजिबात नको. माणूस जमला नाही की परतावा मागताना दमछाक होते. एकेक सेशनचे पैसे भरा आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्या.

भाषेची परीक्षा

ॲपवर थेरपिस्टच्या नावापुढे ‘मराठी’ लिहिलेलं असतं, पण समजणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बरेच थेरपिस्ट पहिला दहा-पंधरा मिनिटांचा ओळखीचा कॉल कमी पैशांत किंवा फुकट देतात. त्यात मुद्दाम आपल्या रोजच्या शब्दांत सांगा: जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, संध्याकाळ झाली की हुरहुर लागते, जीव नकोसा झालाय. या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. ‘जीव घाबरा होतो’चं हिंदी करून ‘डर लगता है’ झालं, की समोरचा भीतीबद्दल विचारत राहतो आणि तुम्हाला तर श्वास कोंडल्याचं सांगायचं असतं. ‘हुरहुर’ आणि ‘उदास’ यांतला फरक न कळणाऱ्या माणसाला प्रत्येक सेशनमध्ये आधी शब्दकोश द्यावा लागतो, आणि मूळ बोलणं राहून जातं. आणखी एक बघा. ‘जीव नकोसा झालाय’ म्हटल्यावर थेरपिस्ट थांबून, सरळ शब्दांत, जीव द्यायचे विचार येतात का हे विचारतो का? विचारत असेल तर त्याला कामही येतं आणि भाषाही. हे न विचारता पुढे जाणाऱ्यापेक्षा विचारणारा केव्हाही बरा.

कन्नड घरात लग्न होऊन आलेल्या मुलींना आमचं आवर्जून सांगणं आहे. नवरा-बायकोने एकत्र बोलायचं असेल, तर दोन्ही भाषा येणारी व्यक्ती शोधा. बेळगाव, धारवाड भागात असे लोक मिळतात. एकटीच्या सेशनसाठी मात्र माहेरच्या भाषेतला थेरपिस्ट घ्या. आणि ‘घरात जरा जमवून घ्या’ हे पहिल्याच भेटीत सांगणारा माणूस नको.

जागा, नेट, वेळ

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचा, आठवड्यातून एकदा. तेवढा वेळ एकत्र कुटुंबात, भाड्याच्या दोन खोल्यांत किंवा हॉस्टेलवर एकांत मिळणं हीच मोठी अडचण असते. पाठ भिंतीला लावून बसा म्हणजे मागून कोणी स्क्रीन पाहणार नाही. इअरफोन लावा. त्याने समोरच्याचं बोलणं लपतं, तुमचं नाही, म्हणून दाराशी टेबलफॅन लावून ठेवला तर बाहेर शब्द कळत नाहीत. उभी केलेली गाडी चालते, चालवत असलेली नाही. फोनवर येणारे मेसेज स्क्रीनवर दिसणार नाहीत अशी सेटिंग आधीच करा.

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. व्हिडिओ तुटला तर पाच मिनिटांत साधा फोन, तोही लागला नाही तर दुसरी वेळ, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. तुटलेल्या सेशनचे पैसे कोणाच्या खात्यावर, हेही तेव्हाच बोलून घ्या, कारण यावरून चांगली जमलेली गाठ सुटते.

पहिले चार सेशन

किती दिवस त्रास आहे, झोप किती तास, जेवण, आधीची औषधं, घरात कुणाला असा आजार होता का, एवढं अर्ध्या पानावर लिहून ठेवा. महिनोन् महिने थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्या. यात बिघाड असला की माणूस मनाच्या आजारासारखाच दिसतो आणि कितीही बोललं तरी फरक पडत नाही.

तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत थेरपिस्टने तुमचा त्रास काय वाटतो, त्यावर काय करणार आणि अंदाजे किती सेशन लागतील हे सांगायला हवं. मंत्रचळासाठी (म्हणजे ओसीडीसाठी) भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची ठरलेली पद्धत आहे. नुसत्या गप्पांनी तो आजार हलत नाही. उदासीसाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. गुण शून्य ते सत्तावीस, दहा किंवा जास्त आले तर त्रास मध्यम किंवा त्याहून अधिक समजतात. महिन्याने पुन्हा भरली की फरक आकड्यात दिसतो. फरक नसेल तर तसं तोंडावर बोला. थेरपिस्ट बदलायचा असेल तर बदला, त्याला वाईट वाटेल म्हणून अडकून राहू नका.

गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे. तुमच्या परवानगीशिवाय नवऱ्याला, सासऱ्यांना किंवा साहेबांना काही सांगता येत नाही. अपवाद मोजके: जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि मुलांवरचा लैंगिक अत्याचार, ज्याची खबर पोक्सो कायद्याप्रमाणे द्यावीच लागते. हे अपवाद थेरपिस्टने पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगायला हवेत.

औषध चालू असेल तर ऑनलाइन चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख असू द्या, आणि फोटोऐवजी पीडीएफ घ्या. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची नोंद दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये करून तीन वर्षं ठेवावी लागते, म्हणून तो चौकशी करतो. त्यात तुमच्यावर संशय नसतो. गोळ्या मनाने बंद करू नका.

विम्यात मानसिक आजार इतर आजारांप्रमाणेच धरावा, असं याच २०१७ च्या कायद्यात आहे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरचाच खर्च देतात. ओपीडीची, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांची सोय नसेल तर ऑनलाइन सेशन स्वतःच्या खिशातून.

इथली सोय

पैसे नसतील किंवा रात्री दोन वाजता बोलावंसं वाटलं, तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, आणि भाषांत मराठीही आहे, कन्नडही. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६.

काही त्रास ऑनलाइन बघायचे नसतात. कानात आवाज येणं, दिवसेंदिवस न जेवणं-न झोपणं, जीव द्यायची तयारी करून ठेवलेली असणं, किंवा रोजची दारू एकदम सोडल्यावर हात थरथरणं आणि भास होणं. दारूच्या बाबतीत तर झटके येऊन जीव जाऊ शकतो, तेव्हा थेट दवाखाना. बेळगावात बिम्सचं (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं) जिल्हा रुग्णालय आणि नेहरूनगरचं केएलई रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आणि कागवाडकरांना मिरजेचं सरकारी रुग्णालय बेळगावपेक्षा जवळ पडतं, तिथेही जाता येतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मात्र आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात, किंवा त्या त्रासावर उपचार घेतले त्या सरकारी रुग्णालयात अर्ज करावा लागतो. कॉलेज किंवा ऑफिससाठी पलीकडच्या डॉक्टरचं पत्र घ्याल तर ते इंग्रजीत मागा, मराठीतलं इथल्या टेबलावर अडतं.

शेवटचं काम दहा मिनिटांचं आहे, पण नव्याने आलेल्यांपैकी जवळपास कोणीच ते करत नाही. थेरपिस्ट तिकडे पुण्यात, तुम्ही इकडे वडगावात, आणि तुमच्याशी बोलताना त्याला काही खटकलं तर तो कुणाला फोन करणार? घरमालक, शेजारीण, ऑफिसातली एखादी व्यक्ती, जी अर्ध्या तासात तुमच्या दारात पोहोचेल, तिला विचारून तिचा नंबर थेरपिस्टला द्या. सोबत घराचा पत्ता जवळच्या खुणेसकट लिहून द्या, आणि शेजाऱ्यांकडून तोच पत्ता कन्नडमध्येही लिहून घेऊन फोनमध्ये ठेवा. १०८ ची गाडी बोलावली की पलीकडून बोलणाऱ्याला बहुतेक वेळा तोच लागतो.