माशांचं खाद्य पाण्यात विरू नये म्हणून

इंदूरच्या आसपास शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्या आपल्या माणसांची एक तक्रार हमखास ऐकू येते: पेंड-कोंडा टाकला की पाणी खराब होतं, आणि मासे काही अंग धरत नाहीत. दोन्हींचं मूळ एकच. सुटं खाद्य माशाच्या तोंडी लागण्याआधीच विरतं, तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू खातं आणि अमोनिया वाढवतं. म्हणून खाद्य बांधून, म्हणजे पाण्यात लवकर न विरणाऱ्या घट्ट गोळ्या करून घालायचं. त्यासाठी लागणारं सामान वाण्याकडे आणि पेंडीच्या दुकानात मिळतं.

आधी एक किलोचाच घाणा करून बघा. 300 ग्रॅम सोया डीओसी, म्हणजे तेल काढून घेतलेली सोयाबीनची पेंड (माळव्यात तिला तोटा नाही), 200 ग्रॅम शेंगदाण्याची पेंड, 350 ग्रॅम भाताचा कोंडा, 130 ग्रॅम मैदा. सगळं बारीक दळून चाळा. भरड राहिली की गोळी तिथूनच फुटते. 10 ग्रॅम गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पांढरट पूड, या कोरड्या पिठातच मिसळा. मी पहिल्या खेपेला ती थेट पाण्यात टाकली. क्षणात गुठळ्या धरल्या, बाहेरून बुळबुळीत, आत कोरड्या ठाक. रवीने घुसळूनही मोडेनात. गम याहून वाढवू नका. तो आतड्यातही चिकटपणा आणतो आणि मग अन्न नीट अंगी लागत नाही.

आता थोडंथोडं पाणी घालत थालीपिठासारखं मळा आणि मुटके वळून मोदकपात्रात वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. ही पायरी गाळायचा मोह होतो, पण खरी बांधणी इथेच होते. मोदकाची पारी कच्च्या पिठाची वळत नाही, उकडच लागते, तसंच हे. साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि कणाला कण धरून ठेवतो. शिवाय डीओसी कमी भाजलेली असली, तर पचनाला अडवणारे तिच्यातले घटकही वाफेने बरेच निष्प्रभ होतात.

मुटके निवाले की 10 ग्रॅम खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण मळा. गरमात घातलंत तर क जीवनसत्त्व जातं. मग सोऱ्यात जाड शेवेची जाळी लावून पाडा, तुकडे करा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवा. तुकडा वाकता कामा नये, कट्‌कन मोडला पाहिजे. ओल राहिली तर बुरशी येते. तसलं खाद्य तळ्यात मुळीच टाकू नका.

शेवटी परीक्षा. 10 ग्रॅम तुकडे चहाच्या गाळणीत घालून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग पुन्हा वाळवून तोला. 9 ग्रॅमच्या आसपास भरले तर रोहू-कटल्याला पुरेसं आहे. कोळंबीला एवढ्यावर भागत नाही. ती तुकडा पायांत धरून सावकाश कुरतडते, म्हणून तिचं खाद्य दोन तास तरी टिकावं लागतं. तिथे गव्हाचं ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, किंवा समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट वापरतात.